पढवलेली साक्ष

लिहून देणार: अर्जनवीस, वय पन्नाशीला आलेले, शिक्षण नववी नापास, धंद्याची जागा आर्णीच्या तहसील कचेरीसमोरील कडुनिंबाखालचे टेबल.

जिच्यासंबंधाने लिहून देत आहे ती: माझ्याच गावची एक शेतकरीण, माझ्या प्रौढ साक्षरता वर्गातील विद्यार्थिनी.

घटनेचा काळ: या हंगामातील निंदणापासून कापूस फुटेपर्यंतचे दिवस.

घटनेचे ठिकाण: प्रथम गावचे समाजमंदिर, नंतर तहसील कचेरीतील सुनावणीची खोली.

साक्षीदार: त्याच वर्गातील तिघे.

नावे: कोणाचीच देत नाही. कचेरीच्या दारात ती एकदा पुकारली गेली आहेत, तेवढे पुष्कळ झाले.

वरीलप्रमाणे नमूद करून कारणे लिहून देतो ती अशी.

मिसरूड फुटले तेव्हापासून मी अर्ज लिहीत आलो आहे. माणूस माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसतो, आपले गाऱ्हाणे सांगतो, मध्येच भावाला शिव्या देतो, मध्येच डोळे पुसतो, आणि त्या सगळ्यातून विषय, संदर्भ, महोदय व आपला विश्वासू एवढे मी बाहेर काढतो. शाळा माझी लवकर सुटली हे खरे. तथापि मसुद्याच्या कामी पदवीधर माणसे माझ्याकडे येतात, आणि ही गोष्ट मी कोणाला विसरू देत नाही. शेजारी संगणकवाल्यांची दुकाने लागली तरी मजकूर माझ्याच हातचा जातो, ते फक्त टंकून देतात. कचेरीतील कारकून सांगतात की माझा अर्ज त्यांना दुसऱ्यांदा वाचावा लागत नाही.

गावात प्रौढांसाठी वर्ग सुरू करण्याचा आदेश आला तेव्हा शाळेचे मुख्याध्यापक माझ्या घरी आले. गुरुजींच्या अंगावर अगोदरच नाना कामे होती; बिनपगारी स्वयंसेवक पाहिजे होता. "गावात तुमच्यासारखं लिहिणारं दुसरं आहे कोण?" असे ते म्हणाले. हे त्यांनी स्वतःची सोय पाहून म्हटले असेल. मी ते खरे धरले आणि संध्याकाळचा वर्ग पत्करला.

सुरुवात वाईट झाली. पुस्तिकेतील पहिल्या पानावर घराचे चित्र होते व त्याखाली घर हा शब्द. दिवसभर निंदून आलेल्या बाया त्या चित्राकडे पाहत बसल्या. एक म्हातारी म्हणाली, "मास्तर, घर तं आमी पाह्यलं हाय. तिथूनच आलो." सगळे हसले. पुढल्या आठवड्यात अर्धी सतरंजी रिकामी होती.

ती रिकामी सतरंजी पाहून मी विचार केला, आणि तो विचार चांगला होता असे आजही माझे मत आहे. मोठे माणूस सतरंजीवर येऊन बसते ते कुठल्यातरी अडचणीमुळे. त्याचे रेशन अडलेले असते, सातबाऱ्यावर दुसऱ्याचेच नाव चढलेले असते, निराधारचे पैसे थांबलेले असतात. अक्षर त्याला त्या अडचणीला हात घालण्यापुरते हवे असते. पुस्तिका करणाऱ्यांना हे ठाऊक नसावे. मला टेबलामुळे ठाऊक होते.

म्हणून मी समाजमंदिरात कचेरी भरवली. शाळेतून टेबल व एक खुर्ची आणली. चिठ्ठ्या केल्या; एकीवर साहेब, एकीवर कारकून, पट्टेवाला, अर्जदार, गैरअर्जदार, वकील. चिठ्ठी ज्याची त्याने उचलायची आणि स्वतः वाचायची. वाचता आली नाही तर शेजारच्याने मदत करायची, मी नाही. अर्जदाराने आपली तक्रार दोन ओळींत लिहायची, कारकुनाने ती मोठ्याने वाचायची, दोन्ही बाजू ऐकून साहेबाने निकाल लिहायचा आणि कारण द्यायचे. माझा वर्ग आपल्या गावाचे नाव लिहायला शिकण्याअगोदर मंजूर हा शब्द लिहायला शिकला.

पहिल्याच संध्याकाळी एका बाईने शेजारणीच्या बकरीविरुद्ध तक्रार दाखल केली. उन्हाळ्यात वाळत घातलेल्या कुरडया बकरीने खाल्ल्या होत्या. साहेबाच्या खुर्चीत एक म्हातारा बसला होता.

"पुरावा काय?" त्याने विचारले.

"कुरडया गेल्या ना साहेब, हाच पुरावा."

"बकरी हजर करा."

"साहेब, ते गाभन हाय, तिले चालवत नाई," गैरअर्जदाराच्या बाजूने एक बाई उठून म्हणाली. "तिनं मले वकीलपत्र देल्लं हाय."

"बकरीनं सही कशी केली?"

"आंगठा देल्ला साहेब. थे काई आपल्या वर्गात येत नाई."

दाराबाहेर उभी राहून ऐकणारी माणसे त्या हसण्याने आत आली, ती दुसऱ्या दिवसापासून बसूच लागली. सतरंजी पुरेना. बकरीची वकील झालेली ती बाई, तिच्यासंबंधाने हे लिहिणे आहे.

तिचे शेत नाल्याला लागून. गावाकडून तिथे जाण्याचा गाडीरस्ता शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून होता. पेरणीच्या आधी शेजाऱ्याने धुऱ्यावर आडवा चर खणला आणि वर बोराच्या काट्या टाकल्या. गाडी बंद. उरली ती नाल्यातली पायवाट, तिथून बैलगाडी उतरत नाही. तिचा नवरा दिग्रसला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असल्याने आठवड्याने घरी येतो. वावर सगळे तिच्या अंगावर. रस्ता मोकळा करून मिळण्याचा अर्ज तहसीलला मीच लिहून दिला. पाहणीही झाली. परंतु नकाशात तो रस्ता कधीच नव्हता, आणि चाकांच्या खुणा पावसाने व वखराने पुसल्या होत्या. आता जे काही व्हायचे ते साक्षीवर होणार होते. रस्ता मिळाला नाही तर सगळा कापूस डोक्यावर वाहून नाल्यातून काढावा लागणार, हे तिला व मला दोघांनाही माहीत होते.

एका संध्याकाळी तिने अर्जदाराची चिठ्ठी उचलली आणि स्वतःचेच प्रकरण मांडले. उभी राहिली, पदर खोचला आणि म्हणाली:

"साहेब, मी लगन होऊन आली तवा माही पेटी त्याच धुऱ्यावरून गाडीत आलती. गाव मंग पाह्यलं, वावर आंधी पाह्यलं. सासरा म्हने, पोरी, हे पाय, हे तुहं. आन ह्याच्या मायनं गाडी थांबवून मले पानी पाजलं, तिथंच, धुऱ्यावर. तवा रस्ता होता ना साहेब? त्याच्या मायले दिसत होता. आता याले कसा दिसत नाई?"

समाजमंदिरात कोणी हसले नाही. त्या दिवशी साहेब झालेल्या बाईने कारण न लिहिताच मंजूर लिहून टाकले. साक्षीदार तिघे होते. त्या धुऱ्यावरून तिच्या सासऱ्याची गाडी हाकलेला एक म्हातारा, तिथे गवत कापणारी एक बाई, आणि पलीकडच्या वावरात मजुरीला जाणारा एक गडी. तिघांनी आपापले सांगितले. म्हातारा बैलांच्या खोडीच सांगत बसला. कोणत्या वळणावर कोणता बैल अडायचा, हेसुद्धा. गवतवाली म्हणाली की गाडी आली की तिला भारा घेऊन बाजूला व्हावे लागे आणि सासरा तिला दर वेळी काहीतरी टोमणा मारी.

मी त्या वेळी एवढेच पाहिले की कोणाच्याही बोलण्यात वहिवाट हा शब्द आला नाही.

त्यानंतर कळले की जिल्ह्यावरून एक साहेब आमचा वर्ग पाहायला येणार आहेत. इथून पुढचे जे घडले ते सर्वस्वी माझ्या हातून घडले. आजवर वर्ग मोकळा चालला होता. कोण काय बोलेल याचा मलाही नेम नसे, आणि त्याचीच लोकांना गोडी लागली होती. पाहुण्यांपुढे मात्र कोणी अडखळू नये, भलतेच बोलू नये, माझी मान खाली जाऊ नये, असे मला वाटले. तिचे प्रकरण सगळ्यांत वजनदार म्हणून मी तेच निवडले आणि बसून जबाब तयार केला. सदर धुऱ्यावरून बैलगाडी जाण्या-येण्याची आमची पूर्वापार व विनाहरकत वहिवाट असून गैरअर्जदाराने ती हेतुपुरस्सर बंद केली आहे, असा तो मजकूर होता. वाक्य उत्तम होते. तिच्याकडून ते पाठ करून घेतले आणि तिघा साक्षीदारांकडूनही तेच.

"मास्तर, मंग पेटीचं कवा सांगू?" तिने विचारले.

"पेटीचं सांगायचं नाही. ते अप्रस्तुत आहे."

"अप्रस्तुत म्हंजे?"

"म्हणजे ज्याची तिथं गरज नाही."

"मले तं लय गरज होती. लुगडी तिच्यातच होती."

वर्ग हसला. मी हसलो नाही. मी म्हणालो, "वहिनी, कचेरीत कोणी तुमची लुगडी मोजणार नाही." ती वाक्य पुन्हा म्हणू लागली. अडली की माझ्याकडे पाही. मी आवाज न करता ओठ हलवून पुढचा शब्द देई. आठवड्याभरात चौघांची जीभ त्या वाक्यावर बसली. म्हातारा बैलांचे नाव काढीना.

साहेबांची भेट उत्तम पार पडली. त्यांनी मोबाईलवर चित्रीकरण केले. हा प्रयोग इतर गावांतून व्हावा आणि स्वयंसेवकांना मी मार्गदर्शन करावे, असे ते सर्वांदेखत म्हणाले. मी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता, हेही नमूद करतो, कारण मला तो आठवतो.

सुनावणी त्यानंतर लगेचच लागली. ते चौघे ऑटोने आले, मी माझ्या मोटारसायकलवर. मी पक्षकार नव्हतो, तरी जाऊन मागच्या बाकावर बसलो. आमच्या वर्गातील साहेब नेहमी पुरुष असे किंवा पुरुष समजला जाई; इथे समोर तरुण तहसीलदार मॅडम बसल्या होत्या.

"माननीय साहेब," तिने सुरुवात केली आणि सगळे वाक्य न अडखळता म्हणून टाकले.

मॅडम हसल्या, रागावल्या नाहीत. "बरं. हे अर्जात आहेच. आता तुमच्या शब्दांत सांगा. कसा होता रस्ता, कोण जायचं, कधीपासून?"

 मान वळवून तिने माझ्याकडे पाहिले.

मी ओठ हलवले.

त्या क्षणी मी खाली पाहिले असते, खोकलो असतो, उठून गेलो असतो, तर कदाचित ती स्वतःचे बोलली असती. सवयीने माझे ओठ हलले आणि पूर्वापार हा शब्द मी तिला दिला. तिने तो घेतला आणि तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हटले.

"मागं काय पाहता? इकडे पाहा," मॅडम म्हणाल्या. "ते कोण आहेत?"

आता मात्र मी खाली पाहिले. पुढे साक्षीदार आले. म्हाताऱ्याने तेच वाक्य म्हटले. गड्याने तेच म्हटले. गवतवालीने आमची वहिवाट हे शब्द म्हणताच शेजाऱ्याचे वकील उठले.

"मॅडम, यांचं तर त्या शिवारात वावरच नाही. यांची कोणती वहिवाट?" मग ते माझ्याकडे वळून पाहत म्हणाले, "माणसं चार आहेत, तोंड एकच आहे. ते मागं मास्तर बसले आहेत ना, त्यांनाच एकदा विचारून घ्या. बाकीच्यांचा तरी वेळ वाचेल."

खोलीत हशा झाला. मी पाणी पिण्याच्या निमित्ताने बाहेर गेलो आणि सुनावणी संपेपर्यंत आत आलो नाही.

निकालात लिहिले आहे की साक्षीदारांचे जबाब शब्दशः सारखे असून पढवलेले दिसतात, सबब त्यांवर विश्वास ठेवता येत नाही व अर्ज नामंजूर करण्यात येत आहे. हा निकाल तिने स्वतः वाचला. कचेरीच्या पायरीवर बसून, अक्षराखाली बोट धरून, एकेक शब्द जुळवत. वाचायला मीच शिकवले होते. पढवलेले या शब्दाशी तिचे बोट थांबले.

"म्हंजे काय मास्तर?"

"म्हणजे शिकवलेले," मी म्हणालो.

"मंग थे तं खरंच हाय," ती म्हणाली आणि कागदाची घडी घातली.

त्याच आठवड्यात पंचायत समितीच्या सभागृहात माझा सत्कार झाला. शाल व प्रमाणपत्र मिळाले. प्रौढांना स्वतःच्या प्रश्नांतून शिकू द्यावे, या विषयावर मी स्वयंसेवकांसमोर बोललो आणि चांगले बोललो. एकाने प्रश्न विचारला की शिकणारा चुकला तर त्याला किती दुरुस्त करावे. मी उत्तर दिले, तेही टाळ्या मिळवणारे होते. ते इथे लिहिण्याची माझी छाती होत नाही.

तिचे वर्गात येणे बंद झाले. तिच्या मागे म्हातारा, मग गवतवाली. उरलेले म्हणतात, "मास्तर, कोर्ट लावा ना, लय दिवस झाले." मी पुस्तिका उघडतो. आम्ही घर, नळ, बाजार वाचतो. सतरंजीवर पुन्हा जागा होऊ लागली आहे. संध्याकाळी वर्गाची दारे उघडी असतात आणि ती डोक्यावर कापसाचे बोचके घेऊन नाल्याकडून येताना दिसते. मांडीपर्यंत लुगडे भिजलेले असते. आत पाहत नाही.

शेवटी मी तिच्या घरी गेलो. कापूस पुढच्या खोलीत रचलेला होता, बसायला जागा नव्हती. मी दारात उभा राहिलो. ती कापसाचे तंतू चिकटलेली बोटे चोळत होती.

"वहिनी, वर दाद मागता येते. मुदत आहे अजून."

"कोन लिहीन?"

"मीच लिहितो."

"आन बोलीन कोन? तुमीच?" तिने वर पाहिले नाही. "मले एक सांगजा मास्तर. तुमी माहं बोलनं काहून कापलं? थे खोटं होतं काय?"

"खोटं नव्हतं."

"मंग?"

"कागदावर तसं चालत नाही."

"मी कागदावर होती काय? मी तं उभी होती तिथं."

मी चौकटीचा खिळा चाचपू लागलो. 

"तुमी हसले नसते ना," ती म्हणाली, "त्या दिवशी वर्गात. लुगडी कोनी मोजत नाई म्हने. थ्या दिवसापासून मले वाटलं, आपलं बोलनं कचेरीतलं नोहे. म्हनून पाठ केलं." मी त्या दिवशी हसलो नव्हतो. ते शब्द तेवढे बोललो होतो. दुरुस्ती करावी असे क्षणभर वाटले; केली नाही.

"जा आता," ती म्हणाली. "अंधार पडून राह्यला. मी इचार करीन."

मी निघून आलो. आणि जे सांगण्यासाठी गेलो होतो ते न सांगताच आलो. ते असे. वरच्या साहेबांपुढे नुसता अर्ज गेला तर खालचा निकाल वाचून तो बाजूला ठेवला जाईल. चौघांचे जबाब पढवलेले आहेत हे मत पुसले जाणार नाही. ते पुसायचे तर एकच मार्ग मला दिसतो. जबाबांतील भाषा माझी होती, हकीकत त्यांची स्वतःची व खरी होती, आणि सुनावणीच्या वेळी मागच्या बाकावरून शब्द देणारा इसम मी होतो, असे मी प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे आणि चौघांना पुन्हा, माझ्याशिवाय, ऐकून घेण्याची विनंती व्हावी. हे मला निकालाच्या दिवशीच कळले होते. असे कागद मी इतरांसाठी कित्येक तयार केले आहेत.

सांगितले नाही, कारण त्यानंतर कडुनिंबाखाली माझ्याकडे कोण येईल याची मला भीती वाटली. साक्षीदार पढवतो असे ज्याने शपथेवर कबूल केले, त्याच्या हातचा अर्ज कोणता कारकून न वाचता पुढे सरकवील? वर्गही जाईल, शालही परत मागतील. दारात उभा असताना मी हा हिशेब करीत होतो, आणि ती मात्र समजत असावी की मी लाजेने गप्प आहे.

सबब, सदर बाईंना या लेखाने विनंती आहे ती अशी.

हे तुम्हाला वाचून दाखवण्यास मी येणार नाही. तुम्हाला वाचता येते. शब्द अडला तर अडू द्या, पुढे जा.

वर लिहिलेले प्रतिज्ञापत्र करून देण्यास मी तयार आहे. ते तुमच्या प्रकरणात जोडावे किंवा नाही, हे ठरवण्याचा अधिकार तुमचा आहे. माझ्या टेबलाचे काय होईल हा विचार त्यात धरू नये. अर्ज माझ्याकडून लिहून घेणे नको असल्यास आर्णीत दुसरे लिहिणारे आहेत, त्यांच्याकडे जावे. त्यांनी काही कापू पाहिले तर कापू देऊ नये. पुन्हा सुनावणी लागली तर मी त्या दिवशी गावातच राहीन. म्हाताऱ्याला बैलांचे सांगू द्यावे.

यातले काहीच नको असेल, तर तसेही कळवावे. माझ्याविषयी जो निकाल द्यावासा वाटेल तो द्यावा; कारण लिहिले नाही तरी चालेल. फक्त दाद मागण्याची मुदत संपण्यापूर्वी उत्तर मिळावे, एवढी विनंती आहे.